शमीमने न कापलेला प्रवेश

शमीमच्या थोरल्या भावाचा, सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी सांगलीत शाळेतून नुकतीच घरी पोचले होते. "शमीम गेली गं..." मग म्हणाले, सकाळी घरात गावातल्या मुलींच्या नाटकाची तालीम घेतली, जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. रहिमतपूरला गेले तर दारात सगळं गाव, आणि भाईंच्या मोबाईलवर टांझानियाहून फोनवर फोन. पलीकडच्या बायका काय बोलत होत्या ते कुणाला कळत नव्हतं, पण त्या रडत होत्या हे कळत होतं.

शमीम माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती रहिमतपूरच्या कापडवाल्यांची, मी तिथे शिकायला आलेली, माण भागातल्या मेंढपाळांची. सुट्टीत आमच्या वाडीवर आली की आईच्या ओव्या ऐकत बसायची. पुढे नाटक शिकली आणि एका परदेशी संस्थेने तिला टांझानियाला नेलं. तिथल्या गुरं राखणाऱ्यांच्या मुलखात संस्थेने बाळंतपणाचं केंद्र बांधलं होतं, पण बायका फिरकत नव्हत्या. त्यांना पटवायला नाटक हवं होतं, आणि तेही कचेरीत आधीच लिहून तयार! शमीमने ते बाजूला ठेवलं. बायकांत जाऊन बसली, त्यांची गाणी ऐकली. मला फोनवर म्हणाली, "तुझ्या आईसारख्याच हायत गं या. गायला लागल्या की मनातलं सगळं भाईर येतंय."

हळूहळू त्या बायकांनीच नाटक रचलं. त्यात एक प्रवेश असा, की कळा देणारी बाई केंद्रात येते, नर्स तिच्यावर खेकसते, सासूला दाराबाहेर काढते, सोबतच्या बायकांचं गाणं बंद करायला लावते. संस्थेच्या साहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, पाहुणे येणार आहेत, एवढं कापा. नाहीतर तुमचं पुढचं काही खरं नाही. त्या रात्री तिचा मला फोन आला. "नोकरी जाईल गं. पर त्या बाया पहिल्यांदा आपणहून बोलल्यात. त्यांचं तोंड मी कशी बंद करू?"

प्रवेश झाला. पाहुण्यांसमोर, जसाच्या तसा. बायका हसून हसून लोळल्या. हसू ओसरलं तशी केंद्रातली खरीखुरी नर्स उठली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी सासूला घेऊन या. गाणंही म्हणा." ...त्यानंतर बायका यायला लागल्या. पहिलं बाळ तिथे गाण्यातच जन्मलं.

शमीमची नोकरी मात्र गेली. ती घरी आली. वर्षभराने त्याच संस्थेने तिला परत बोलावलं, दुसऱ्या गावांसाठी. तिने एकच अट घातली, तयार लिहिलेलं नाटक मी हातात घेणार नाही. साहेबांनी ती मान्य केली. आमच्या रहिमतपूरच्या पोरीने अट घालावी आणि एवढ्या मोठ्या संस्थेने ऐकावी, हे मी सांगलीत ज्याला त्याला सांगत सुटले होते. ते काम संपवून ती गावी परतली आणि घरच्या बाहेरच्या खोलीत गावातल्या पोरींना घेऊन त्यांचंच नाटक रचायला लागली.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी पुन्हा गेले. जेवणं उरकल्यावर पाहुण्यांनी बाहेरच्या खोलीत खुर्च्या नीट मांडल्या, कॉट मधोमध ओढली. ते गेल्यावर सलीमभाई उठले आणि एकेक खुर्ची भिंतीला लावायला लागले. मी कॉटचं दुसरं टोक धरलं.

"आता कशाला, भाई?"

"पोरी येतील की. त्यास्नी जागा लागतीया."

आणि आल्याच. चपला काढून आत शिरल्या, त्या भांडतच... नाटकातल्या सासूने पुढे काय बोलायचं, यावरून.