ढोकणे सर आणि यादीत नसलेली गोळी

ढोकणे सरांना मी प्रथम पाहिलं ते सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीच्या आत, चिडलेले. मी त्यांच्या हाताखाली नुकतीच रुजू झाले होते. खिडकीपलीकडे केनवडच्या गोदाबाई उभ्या होत्या. भाजीपाला पिकवणाऱ्या, एका खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. ठिसूळ हाडांसाठी आठवड्याला एक घ्यायच्या गोळ्या त्यांनी निम्म्या काळातच संपवल्या होत्या.

"तुमीच त सांगतलं, बाजाराच्या दिवशी घ्या म्हून," बाई म्हणाल्या. "मी दोन बाजार करतो. केनवडचा अन् रिसोडचा."

ही गोळी उपाशीपोटी घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं. वावरात वाकल्याशिवाय भागत नाही, बाजाराला मात्र गाडीत बसूनच जायचं, म्हणून सरांनी बाजाराचा दिवस सुचवला होता. सरांनी सगळ्यांसमोर कान पकडले आणि पाकिटावर लिहिलं, 'फक्त रिसोडचा बाजार'. साहेबी मिरवणाऱ्यांच्या गर्दीत मला हे फार मोठं वाटलं.

मोफत औषधांच्या यादीत ही गोळी नाही. खुबा मोडला तर ऑपरेशन सरकारी आरोग्य योजनेत बसतं, मोडू नये म्हणूनचं औषध बसत नाही. दरवर्षी सर खास मंजुरीसाठी वरच्या कार्यालयात खेटे घालत. "म्हातारपणी हाडं झिजायचीच," असं तिथले एक अधिकारी म्हणाले, तेव्हा मी सोबत होते. चिडले किंवा काळजीत असले की सर वऱ्हाडीवर येतात.

"साहेब, पडल्यावर खर्च करताच ना? मंग बाई पडाची वाट कायले पाह्यता?"

त्या वर्षी मंजुरी मिळाली.

आता सर निवृत्त झाले आहेत, साठीचे झाले आहेत, आणि त्यांच्या खुर्चीत मी आहे. यंदाची मंजुरी आलेली नाही. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं आपण हसून म्हणतो. पण गोदाबाईंकडे दोनच गोळ्या उरल्यात आणि त्यांचा दुसरा खुबाही कमजोर निघाला आहे. खरं सांगते, खिडकी उघडताना मी आधी रांगेत गोदाबाई आहेत का ते पाहते.

परवा सरांना फोन केला. "नाहीच झालं तर?" मी विचारलं.

"मले बी तेच भेव हाय, पोरी. सोमवारी येतो मी. जाऊ दोघं."

दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधून ते येणार, हे मला ठाऊक आहे. सर, तुम्हाला शंभर वर्षांचं धडधाकट आयुष्य लाभो; आणि या सोमवारनंतर त्यातला एकही दिवस त्या कार्यालयाच्या बाकावर न जावो.