वत्सलाआत्याचं गोत्र

दादा तर्पणाला बसलाय. भिजलेल्या काळ्या तिळांचा वास आला आणि मी दिल्लीत, सरोजिनी नगरच्या आमच्या जुन्या सरकारी क्वार्टरमध्ये पोचले.

तेव्हाही सर्वपित्रीच होती. बाल्कनीत बाबा बसलेले, पुढ्यात ताम्हन, बोटात दर्भ. गुरुजी एकेक नातं विचारत आणि बाबा नाव सांगून तिळाचं पाणी सोडत.

"बहीण?"

"वत्सला," बाबा म्हणाले. हे नाव मी घरात कधी ऐकलं नव्हतं.

"सासरचं गोत्र सांगा."

"गोत्र आमचंच."

आत आई वडे तळत होती. तिचा झारा तसाच हवेत राहिला.

जेवताना मी विचारलं, "बाबा, वत्सला कोण?"

त्यांनी माझ्या पानात खीर वाढली. "गरम आहे तोवर खा."

आता आई-बाबा दोघंही नाहीत. वंशावळ लिहायची म्हणून गेल्या महिन्यात मी ट्रंक उपसली. आत्याचा ना फोटो निघाला, ना शाळेचा दाखला. निघाली फक्त तिच्या लग्नाची पत्रिका, कोपऱ्यांना हळद लावलेली. ती हातात धरून मी बसून राहिले. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. सासरी दिलेल्या बहिणीला बाबांनी परत घरात घेतलं होतं, पण ती गेल्यावर.

"बुआ का गोत्र?" पंडितजी विचारतायत. "शादी हुई थी उनकी?"

दादा माझ्याकडे बघतो. पत्रिका आतल्या कपाटात आहे.

"नहीं," मी म्हणते. "गोत्र हमारा ही है."