औषधाचं दूध

मोहोळजवळच्या वस्तीवर शिवबाईंच्या गोठ्यात एक म्हैस आहे आणि शेजारी एक रिकामा खुंटा. खुंट्याला तिची पारडी असायची. म्हैस म्हातारी होत चालली होती. पुढचा गोठा या पारडीवरच चालायचा होता.

हिवाळ्यात म्हशीला दगडी झाली. कास कडक, धारेत गाठी. डॉक्टर सुकन्याताईंनी सडात औषधाची ट्यूब सोडली आणि हे दूध डेअरीला घालू नका, असं बजावलं. शिवबाईंनी घातलं नाही. लोकांच्या पोरांच्या पोटात औषध जाऊ नये, याबाबत त्या पक्क्या. ते दूध त्यांनी पारडीला पाजलं. वस्तीवर सगळेच पाजतात. दूध ओतून देणं जिवावर येतं, आणि औषध पोटात गेलं तर पारडीला बरंच, असंही वाटतं.

"म्हशीचं औषध, पारडीची चैन," नवरा बिभीषण म्हणायचा.

म्हैस बरी झाली. पारडीला हगवण लागली. सुकन्याताईंनी इंजेक्शन दिलं, दोन दिवसांनी बदलून दुसरं दिलं. फरक पडला नाही. पारडी काय पीत होती, हे त्यांनी तेव्हा विचारलं. शेण तपासायला सोलापूरला पाठवलं. नेहमीची औषधं या जंतूंवर चालत नाहीत, असं तिकडून कळलं तेव्हा पारडी मान उचलत नव्हती. दुसऱ्या दिवशी ती गेली.

सुकन्याताईंनी समजावून सांगितलं. दुधात औषध थोडंच उरतं. त्यानं पोटातले कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात. इथंही तसंच झालं, हे खात्रीनं सांगता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

शिवबाई ऐकत होत्या. "म्हंजे मीच पाजलं की," त्या म्हणाल्या.

"सगळेच पाजतात, मावशी."

"व्हय. सगळेच पाजत्यात."

उन्हाळ्यात म्हशीला पुन्हा दगडी झाली. औषधाच्या दुधासाठी बिभीषणनं गोठ्यापासून लांब खड्डा खणला. पारडी गेल्यापासून म्हैस आंबोण पुढ्यात ठेवल्याशिवाय पान्हा सोडत नाही. शिवबाईंनी आंबोण ठेवलं, धार काढली, बादली उचलली आणि नेऊन खुंट्यापाशी ठेवली. मग तिथंच उभ्या राहिल्या.

बिभीषणनं बादली उचलली, खड्ड्यात ओतली आणि परत आणून दिली. शिवबाईंनी ती घासून पालथी घातली.