कोतवाल बुकातल्या पेन्सिलीच्या खुणा

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दुसऱ्याच्या विहिरीच्या पाण्यावर वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि मंगळवारी तालुक्याच्या बाजारात नेऊन विकायची. एकोणीसशे ऐंशीनंतर निराधारांना सरकारी मदत मिळू लागली, तोवर तिचे गुडघे गेले होते. तिनं अर्ज केला. वयाचा पुरावा मागितला, तर तिच्यापाशी फक्त 'मानमोडीच्या साथीच्या आगंमागं', म्हणजे १९१८च्या सुमाराचा जन्म, एवढंच होतं.

सात महिने ती दर मंगळवारी बाजार उठला की तहसीलच्या पायरीवर जाऊन बसे. तिथला बाबू म्हणे, पुढच्या मंगळवारी या. ती त्याला मूठभर सांबार देऊन परत येई. मी तेव्हा सेवाग्रामला दवाखान्याच्या ऑफिसात नवीनच लागले होते. स्वतःचा पगार सुरू झाल्यापासून नाकावर माशी बसू देत नव्हते. एका मंगळवारी रजा टाकून तिच्यासोबत गेले.

"बाई, तू गुपचूप बसजो," ती वाटेत म्हणाली. "चांगला माणूस आहे तो. शोधून राह्यला."

बाबूनं मान वर करून नेहमीचंच सांगितलं. तिनं सांबार काढायला पिशवीत हात घातला आणि माझं डोकं सणकलं. भर ऑफिसात ओरडले, "सात महिने फुकटची भाजी खाऊन म्हातारीला नाचवता? ही लाचच आहे!" आतले साहेब दारापर्यंत आले. बाबूचा चेहरा पडला. त्यानं फाईल दोरीनं बांधली आणि माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, पुरावा अर्जदारानं सोता आणावा. नियम तसाच आहे."

"पोरगी नादान आहे, बाबूजी," मोठी माय हात जोडून म्हणत होती. मला उलट तिचाच राग आला. दंडाला धरून मी तिला बाहेर काढलं. एसटीत मी मोठा पराक्रम केल्यासारखी बसले होते. हे लिहिताना आजही कान तापतात.

पुरावा मिळायचा तो कोतवाल बुकात. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून घेई, आणि ती जुनी बाडं तहसीलच्या रेकॉर्ड खोलीत पडलेली असत. माझ्या रजा जमून तिथं बसेपर्यंत चार महिने गेले. ते चारही महिने मोठ्या मायनं त्याच गुडघ्यांवर बाजार केला.

तिचं माहेर गिरडकडचं. त्या गावचं पहिलं बाड उघडलं. वाळवीनं खाल्लेली पानं, उडालेली शाई. मुलींची नावं नाहीतच, फक्त बापाचं नाव आणि पुढं 'मुलगी'. आणि प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीची बारीक खूण. दुसऱ्या बाडातही तेच. मी शिपायाला विचारलं.

"तुमच्याच म्हातारीच्या कामाचा बाबू," तो म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत येऊन बसे. दोन-दोन पानं पाहे. मंग एकाएकी सोडून देलं."

तिसऱ्या बाडाच्या मध्यावर खुणा संपल्या होत्या. तिथून चौथ्या पानावर मोठ्या मायच्या बापाचं नाव सापडलं. अजून दोन सुट्ट्या त्याला पुरल्या असत्या.

नक्कल घेऊन मी त्याच्या टेबलापाशी गेले. त्यानं ती वाचली, शिक्का मारला, पोच दिली. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. पण मागं रांग होती, माणसं ऐकत होती. त्याच्यावर ओरडताना मला ऐकणारी माणसं चालली होती. मी पोच पर्समध्ये टाकून निघून आले.

काम झालं म्हणून सांगितलं, तर मोठ्या मायनं पहिलं हेच विचारलं, "त्याची माफी मांगतली का वं?"

"मांगतली."

"मंग काय म्हणे?"

"म्हणे, जाऊ द्या."

तिचा जीव भांड्यात पडला. पुढच्या मंगळवारी बाजारानंतर त्याच्याशी दोन शब्द बोलून येते म्हणाली, आता सगळं मिटलं होतं ना. त्या मंगळवारी मीच तिला हात देऊन एसटीत चढवलं.