लाइनवाले सर

आमच्या सरांना समोरून येताना पाहिलं की दिग्रसची निम्मी माणसं अचानक पानटपरीकडे वळायची. सर काही मारकुटे नव्हते, तिरसटही नव्हते. त्यांना फक्त बोलायला आवडायचं, आणि विषय ठरलेला: एखादा साधा इंग्रजी शब्द, तो आला कुठून आणि येताना वाटेत त्याचं काय काय झालं. सगळ्यात लाडका शब्द 'लाइन'. म्हणून शाळेत त्यांचं नावच 'लाइनवाले सर' पडलं. ते त्यांच्या कानावर होतं, आणि मला तर वाटतं, मनातून आवडतही होतं.

नववीच्या वर्गात पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "पुस्तकं मिटा. लाइन गेली म्हणता तुम्ही, म्हणजे काय गेलं? करंट गेला. रेशनच्या दुकानापुढं लागते तीही लाइन. पोलीस राहतात तीही लाइन. बिघडलेल्या पोराले बाप लाइनीवर आणते, अन् लाइनीवर आलेलं पोरगं मंग लाइन मारत फिरते!" वर्ग खदखदून हसला. सर हसू ओसरेपर्यंत थांबले आणि एकदम विचारलं, "आज डब्यात जवसाची चटणी कोणी आणली?" बरेच हात वर झाले. "मंग लाइन तुमच्या डब्यातच आहे," सर म्हणाले. लॅटिन भाषेत जवसाला लिनम म्हणत. त्याच्या देठातून धागा काढत, धाग्याची दोरी वळत, आणि दोरी ताणून धरली की सरळ रेघ मिळे. साऱ्या लाइनी त्या ताणलेल्या धाग्यातून निघाल्या. त्या दुपारी मी चटणी जरा आदराने खाल्ली.

मी बंजारा तांड्यावरची. घरी याडीशी, म्हणजे आईशी, गोरबोली, शाळेत मराठी, आणि इंग्रजी म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. सर म्हणायचे, "तू कायले घाबरतं बेटा? तुमच्या लोकांनी बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य घालून मुलूख पालथा घातला. शब्दही असेच फिरले. फक्त त्यांना बैल लागले नाहीत." आमच्या तांड्याबद्दल वर्गात कोणी अभिमानाने बोलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बाकावर मी थोडी ताठ बसले असेन.

आयटीआय करून मला वीज खात्यात खांबावरचं काम करायचं होतं. बापाने साफ नकार दिला. सर निवृत्त झाले होते, तरी एसटीने तांड्यावर आले. बाप म्हणाला, "सर, त्याले लाइनमन म्हणतेत. नावातच माणूस हाय. पोट्टीचं काय काम तिथं?" सर चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "भाऊ, जुन्या इंग्रजीत मन म्हणजे नुसतं मनुष्य. बाई असो की बाप्या, दोघांलेही चाले." बापाला ही गोष्ट तपासून पाहायची सोय नव्हती. याडी मात्र आतून म्हणाली, "सर इतक्या लांबून खोटं सांगाले आले का?" आणि माझं काम झालं.

नोकरी लागली ती दिग्रसलाच. आमच्या कामात एक रिवाज कडक पाळतात. एक जण खांबावर चढला की दुसऱ्याने डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीपाशी, पहारा द्यायचा. नाहीतर पंप बंद पडला म्हणून कोणीतरी येतो आणि सरळ पेटीतला दांडा वर करून करंट सोडतो. त्या हिवाळ्यात एकदा माझ्या जोडीदाराला दुसरीकडे खांब पडला म्हणून तातडीने बोलावलं. सरांच्या घराजवळचंच काम होतं. सर छत्री काठीसारखी टेकत हजर. "तू चढ. मी हलत नाही इथून." नियमात हे बसत नाही, पण तेव्हा मी चढले.

दोन खांब पलीकडे माझे हात उघड्या तारेवर होते आणि डीपीपाशी जवळच्या शेतातला बंडूभाऊ आला. गव्हाचं पाणी अर्धवट राहिलेलं, डोकं तापलेलं.

"सरका सर, दांडा वर करू द्या. लाइन पायजे मले."

"वर पोरगी आहे."

"कुठी हाय? मले त दिसून नाही राह्यली. गेली असन कवाची!"

मधे कडुलिंब होता, मी दिसणार कशी? मी ओरडले, पण वारा त्यांच्याकडून माझ्याकडे; त्यांचं मला ऐकू येई, माझं त्यांना नाही. उतरावं म्हटलं तर कमरेच्या पट्ट्याचा आकडा सुटेना. मला मरायचं नव्हतं, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात सरांचा तो वर्गातला आवाज आला, "बंड्या! लाइन लाइन करतं, लाइन म्हणजे काय सांग आधी!"

बंडूभाऊ सरांचाच विद्यार्थी, मागच्या दाराने पळणारा. सरांना बाजूला ढकलायचा धीर त्याला होईना. आणि सर सुटले. रेशनची लाइन, पोलीस लाइन, रेल्वेची लाइन. मी आकड्याशी झटत होते आणि मनात म्हणत होते, सर, थांबू नका. लॅटिन आलं, जवस आलं, दोरी आली. शेवटी आकडा सुटला. मी धावत डीपीपाशी पोचले तेव्हा सर पेटीला पाठ लावून उभे होते, आवाज पार बसलेला.

मला पाहून बंडूभाऊ पांढराफटक पडला. "माय वं! खरंच वर होती हे? काय करून बसलो असतो मी!" त्याने कान धरले. सर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "इतक्या वर्षांत या गड्यानं माझा तास पहिल्यांदा पुरा ऐकला." आम्ही तिघंही हसलो. पण छत्री उचलून दिली तरी सर पेटीला लावलेली पाठ काढेनात. मी त्यांचा हात धरला आणि रडले.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. अंत्ययात्रेला एवढी माणसं आली की मला नवल वाटलं. जन्मभर त्यांना चुकवणारी सगळी होती, आणि बंडूभाऊ सगळ्यांत पुढे.

माझा जोडीदार भला माणूस आहे. डीपी सोडून कधी हलत नाही. पण तो घुम्यासारखा उभा राहतो, आणि वर माझे हात गार पडतात. मग मी खांबावरून ओरडते, "भाऊ, काहीबी बोल ना! गप नको राहू."

बिचाऱ्याला काही सुचत नाही. तो आपला शंभरापर्यंत आकडे म्हणत राहतो.