विलासची खाट

तलावाच्या पाळीवर रोज बसणाऱ्या माणसाजवळ किस्से गाळासारखे जमा होतात. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही. पाणी येतं, पाणी जातं, आणि तळाशी काही ना काही राहून जातं. नागभीडकडच्या आमच्या गावात पाळीवर आम्ही मासे धरणारे चार-पाच म्हातारे ढिवर बसतो, फाटलेली जाळी शिवतो आणि एकमेकांची उणीदुणी काढतो. दुसऱ्याच्या घरचे किस्से मी सांगत नाही. माझ्या घरचेच एवढे झाले आहेत की आधी ते संपवावे लागतील. गावात ते सगळ्यांना पाठ आहेत, पण लोक चुकीचे सांगतात. म्हणून लिहायला बसलो. चौथीत नापास झालो होतो, अक्षर तेव्हाचंच आहे.

सगळे किस्से एका बोटीचे आहेत. ती बोट पाळीवरून अजून दिसते. तिच्यावर बगळे बसतात.

*

माझा पोरगा विलास रस्त्यांचा ठेकेदार आहे. नागपुरात राहतो. आधी त्याने तलावात फिरायला एक लहान मोटारबोट आणली. चार माणसं मावायची. माझी सून स्मिता तिच्यात बसली, पाणी उडालं, साडी भिजली, केस भिजले. उतरली ती थेट गाडीत जाऊन बसली आणि काच वर केली.

दुसऱ्या महिन्यात विलास म्हणाला, "बाबा, मोठी घेऊन राह्यलो. फॅमिलीसाठी."

मी म्हणालो, साडी भिजली तर माणूस साडी बदलतो, बोट नाही.

तो हसला. मी गंमत केली नव्हती.

*

मोठी म्हणजे केवढी मोठी, ते पाळीवर कोणालाच समजेना. मग विलासने फोनवर फोटो दाखवला. गोव्याच्या कोण्या शेठने वापरलेली होती. आत पलंग, आत संडास, गॅसची शेगडी, फ्रिज. आमच्या मारोतीने फोन डोळ्याजवळ नेला. मारोती माझ्याच वयाचा, जीभ माझ्यापेक्षा वाईट, आणि ऐकू कमी येतं.

"इले काय म्हणते बे?"

"यॉट, काका."

"खाट?"

विलासने दोनदा सांगितलं, यॉट, यॉट. मारोतीने पुन्हा फोटोतला पलंग पाहिला. "बरोबर आहे," म्हणाला. "खाटच आहे."

त्या दिवसापासून गावात तिला दुसरं नाव नाही. ती यायच्या आदल्या दिवशी पंचायतीचा कोतवाल गावात ओरडत फिरला, की उद्या ठेकेदाराची खाट येणार आहे, बैलबंड्या रस्त्यावर ठेवू नका. आता आमच्या भागात रस्ता नसलेल्या गावातून दुखणाईत माणूस खाटेवर टाकूनच आणतात. संध्याकाळी दोन बाया पदर तोंडाला लावून आमच्या दारात. घरातलं कोण आजारी आहे, म्हणून विचारायला!

माझ्या म्हातारीने त्यांना चहा पाजला. "कोणी आजारी नाई," म्हणाली. "पोराले मोठी बोट झाली."

*

कागदाचा किस्सा लहान आहे. बोट नावावर करायला विलास एका ऑफिसात गेला. मला संगं नेलं, कारण गावचा राहणारा मी. तिथल्या बाबूने टेबलाच्या खणातून फॉर्म काढला. तो मासेमारीच्या डोंग्याचा फॉर्म होता, दुसरा त्याच्याकडे नव्हता. डोंगा म्हणजे आमची झाडाचं खोड कोरून केलेली नाव.

बाबूने विचारलं, वल्ही किती? विलास म्हणाला, दोन इंजिन आहेत. बाबूने लिहिलं, दोन. जाळं किती हात लांब? विलास म्हणाला, जाळं नाही. बाबूने पेन ठेवला. "जाळं नाई त मंग नाव कायले पायजे?"

साठ वर्षांत सरकारी माणसाने विचारलेला तो पहिला शहाणा प्रश्न. विलास उठला. साहेबाला भेटून आला आणि काम झालं.

*

खाट गोव्याहून ट्रेलरवर आली. वाटेत लाईनचे तार बांबूने उचलत उचलत आणली. सगळं पार करून गावाच्या वेशीवर अडकली.

वेशीवर कमान होती. विलासनेच बांधलेली. वर माझ्या बापाचं नाव, मोठ्या अक्षरात, 'स्वर्गीय दाजीबा स्मृती प्रवेशद्वार'. खाली खांबावर 'सौजन्य : विलास, ठेकेदार'. बाप जन्मभर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, मेल्यावर एवढा उंच चढला, मला बरं वाटलं होतं.

बोटीसंगं गोव्याचा एक माणूस आला होता, चालवणं शिकवायला. तो म्हणाला, बोटीवरचा दांडा नट खोलून काढता येतो, अर्धा दिवस लागेल. पण तलावावर मांडव घातला होता, नागपूरचे पाहुणे हार घेऊन उभे होते, स्मिताचा फोनवर फोन. विलासने आपला जेसीबी बोलावला.

मी तिथे उभा होतो. मला कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. दहा मिनिटांत कमान खाली आली. खांब तेवढे राहिले.

मारोती माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "भाऊ," म्हणाला, "बाप गेला. सौजन्य राह्यलं."

*

गोव्याचा माणूस आठ दिवस राहिला. माणूस चांगला होता. एक दिवस त्याने मला बोटीवर चढवून एक काच दाखवली. तिच्यात पाणी किती खोल आहे, ते आकड्यात येतं. म्हणाला, काका, ही बोट खाली चार फूट पाण्यात बुडलेली असते. या काचेवर पाचच्या खाली आकडा आला की थांबायचं.

मी त्याला सांगितलं, की आमच्या तलावात टेकडीजवळ जुना बांध आहे. तलाव व्हायच्या आधी तिथे शेतं होती. बांध भिंतीसारखा उभा आहे. काच म्हणेल दहा, आणि दुसऱ्या घडीला तीन. त्याने वहीत लिहून घेतलं.

विलासला सांगा म्हणालो. त्याने सांगितलं. विलास म्हणाला, "बाबाला सगळीकडे बांधच दिसतो."

*

आता म्हातारीचं सांगतो.

ढिवराच्या डोंग्यात बाई बसत नाही. बाईचा पाय लागला की डोंगा बाटतो, मग जाळ्यात मासळी येत नाही. बाप सांगत होता, मी सांगत आलो. तलावाच्या मधोमध एक टेकडी आहे, तिच्यावर मातामाय देवीचं ठाणं. गावच्या बाया पाळीवरूनच हात जोडतात. नारळ आम्ही माणसं घेऊन जातो.

म्हातारी पोंभुर्ण्याकडून लग्न होऊन आली. पहिल्याच वर्षी म्हणाली, "अवो, मले एक बार तिथी नेता का? आपल्या हातानं नारळ फोडतो."

मी नाही म्हणालो. विलास पोटात होता तेव्हा पुन्हा विचारलं. तो तापात पडला तेव्हा विचारलं. मी नाहीच म्हणालो. मग तिने विचारणं सोडलं, आणि मला वाटलं, विसरली.

खाट आल्यावर तिने विचारलं. मला नाही, पोराला. "खाटीले बाट त नाई लागत ना, विलास?"

"नाई लागत, आई. तुमच्यासाठीच त आणली."

म्हातारीने पेटीतून हिरवं लुगडं काढलं आणि घडी मोडून उन्हात टाकलं.

*

बोटीवर सहा जॅकेट होती. नारिंगी, फुगीर, घातली की माणूस बुडत नाही. सहा जॅकेट म्हणजे सहा माणसं, असा विलासचा कायदा. आमच्या गावात कोणाला पोहता येत नाही असं नाही. पण कायदा.

पहिल्या वेळी कोणी इंजिनिअर साहेब आले, बायकोपोरांसगट. म्हातारी लुगडं नेसून, ओटीत नारळ घेऊन उभी. विलास म्हणाला, आई, पुढच्या खेपेला. दुसऱ्या वेळी स्मिताच्या माहेरचे. पुन्हा पुढच्या खेपेला.

तिसऱ्या वेळी म्हातारी सगळ्यांच्या आधी जाऊन बोटीत बसली. पाळीवरून आम्ही पाहत होतो. स्मिताने आतून सांगितलं, की आई, शेगडी आहेच, पाहुण्यांना चहा टाकता का? म्हातारीने चहा टाकला. किनाऱ्याला बांधलेल्या बोटीत सगळ्यांनी चहा घेतला, चांगला झाला म्हणाले. मग जॅकेट वाटली. म्हातारी सातवी निघाली.

"आई, रूल आहे," विलास म्हणाला. बोलताना खाली पाहत होता, एवढं मी त्याच्या बाजूने सांगतो.

म्हातारी उतरली. ओटीत नारळ तसाच. पाळ चढून माझ्याजवळून गेली. मी जाळं शिवत होतो. मी विचारलं, चहात साखर बरोबर पडली होती का?

मारोतीसुद्धा हसला नाही. म्हातारी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

*

दसरा झाला. भारी धानाला पाणी कमी पडलं, म्हणून तलावाचं गेट उघडलं. कालव्यावरच्या पाटकऱ्याने पाळीवर येऊन आम्हाला सांगितलं, की पाच दिवस उघडं राहील. तलाव रोज वीतभर उतरायला लागला.

पाचव्या दिवशी विलास आला. या वेळी कोणी साहेब नाही. तो, स्मिता, त्यांची दोन पोरं, स्मिताचा बाप आणि भाऊ. मी मोजले. सहा.

म्हातारीनेही मोजले असतील. तरी हिरवं लुगडं नेसून पाळीच्या खाली उभी होती. स्मिताने डबे मोजून घेतले.

जाताना विलास माझ्याजवळ आला. "बाबा, टेकडीपर्यंत पाणी आहे ना?"

गेट उघडं आहे, हे मला माहीत होतं. बांध माहीत होता. बांधावर त्या दिवशी पाणी किती, ते मी बोटावर सांगितलं असतं.

"तुह्याजवळ मशीन आहे ना?" मी म्हणालो.

मारोतीने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा जाळ्यात सुई घातली.

टेकडी पन्नास हातांवर राहिली असेल, तेव्हा आवाज आला. पोतं टाकल्यासारखा. खाट बांधावर चढली, एका अंगावर कलली आणि तिथेच बसली. दोन्ही इंजिन गाळ उडवत होती. मग तीही बंद झाली. पाणी अजून उतरतच होतं.

माझ्या खिशातला फोन वाजला. समोर बोटीवर विलास फोन कानाला लावून उभा दिसत होता.

"बाबा, डोंगा घेऊन या. पोरं रडून राह्यली."

मारोतीचा डोंगा उलटा करून डांबर लावलेला होता. दुसरे डोंगे तलावाच्या पलीकडे. राहिला माझा. त्यात माझ्याशिवाय दोन माणसं मावतात, त्यातलं एक लहान असलं तर बरं.

मी बांबू घेतला आणि गेलो. नातवंडं रडत होती, ते खोटं नव्हतं. मला पाहून लहाना थांबला. विलासने त्याला माझ्या हातात दिलं. मग स्मिताला म्हणाला, तू जा संगं.

स्मिता काठाला धरून उभी. "बाबा, चालते ना?" तिने मला विचारलं. सासरच्या गावची रीत तिला कोणीतरी सांगितलेली होती, म्हणजे.

लहाना माझ्या गळ्याला होता. "बस," मी म्हणालो.

तिने डोंग्यात पाय ठेवला.

पाळीवर सगळे उठून उभे होते. म्हातारी खाली पाण्यापर्यंत आली होती. तिने नातवाला घेतलं, खाली उभं केलं. स्मिताला हात देऊन उतरवलं, तिच्या जॅकेटचा अडकलेला पट्टा सोडवून दिला. मग ती डोंग्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे.

बोटीवरून विलास हात हलवत होता. चौघं अजून तिथेच होते. खाट डाव्या अंगाला, टेकडी उजव्या.

"बाटला ना आता?" म्हातारी म्हणाली.



तिने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, ओटीतला नारळ चाचपला.

"मंग सरका."