कापगतेकाकूंचा हसरा फोटो

मोबाईल भरला की आपण खराब फोटो उडवून मोकळे होतो. किस्से मात्र उडवता येत नाहीत, ते साचतच जातात. आमच्या गोंदियातल्या रविवारच्या फोटोग्राफी क्लासचंच बघा ना. क्लास म्हणजे काय, तर रहांगडाले सरांच्या स्टुडिओमागची एक खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि आम्ही तिघं होतकरू: मी, शर्मा आंटी आणि कापगतेभाऊ. सरांच्या संयमाला माझा नमस्कार आहे.

*

सुरुवात माझ्यापासूनच करते, म्हणजे बाकीच्यांना नावं ठेवायला मी मोकळी.

गोंदियालगतच्या कुडव्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. फोटो काढायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे, एवढंच मला शिकायचं होतं. एकदा पिवळ्या बल्बखाली मोतिया रंगाच्या ब्लाउजचा फोटो काढला. फोटोत तो आला हळदी रंगाचा. एका बाईंनी तोच भाचीच्या हळदीला घालायचा म्हणून पसंत केला, आणि न्यायला आल्यावर माझ्याशी अशा भांडल्या की समोरचा पानवाला दुकान सोडून बघायला आला.

सर म्हणाले, "ताई, बल्ब बंद करा. दारात या, उजेडात काढा."

तेव्हापासून मी एकेक ब्लाउज घेऊन दारात उभी असते. रंग अगदी खरे येतात. फक्त येणारा-जाणारा विचारून राहिला, ताई, सेल लागला काय?

*

शर्मा आंटींचं घर बाजारात, बोलणं पूर्ण हिंदीत. पुतण्याच्या लग्नात त्या मोठ्या हौसेनं कॅमेरा घेऊन फिरल्या. पुढच्या रविवारी आम्हाला नवरदेवाचा फोटो दाखवला. नवरदेव धुक्यात हरवलेला, नवरी त्याहून धूसर, आणि पुढ्यातल्या ताटातली जिलेबी मात्र पाकाच्या थेंबासकट लख्ख!

सरांनी समजावलं की आधी चेहऱ्यावर फोकस धरायचा, मग बटण दाबायचं. आंटी शांतपणे म्हणाल्या, "सर, फोकस तो वहीं गया ना, जहाँ मेरी नज़र थी."

सरांनी चहा मागवला.

*

आता कापगतेभाऊ. कोहमाऱ्याजवळच्या गावात त्यांची धानाची शेती, आणि उभी नोकरी एसटीत कंडक्टरची. रिटायर झाले, पण आवाज रिटायर झाला नाही. ग्रुप फोटो काढताना सवयीनं ओरडतात, "मागं सरका, मागं जागा आहे!" लोक सरकत सरकत फोटोबाहेर जातात.

पण हा माणूस क्लासला हौसेखातर आला नव्हता. त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला असते. तिनं बापाकडे एकच गोष्ट मागितली होती, आईचा हसरा फोटो. काकूंचं हसणं चौकापर्यंत ऐकू जातं, पण कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. नवी नवरी असताना कोणीतरी काहीतरी बोललं आणि ते मनात बसलं ते बसलंच. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा आई आहे ती डोळ्यांपुरतीच.

पहिल्याच दिवशी भाऊ म्हणाले, "पोरगी म्हणते, आईचं हासनं फोनवर आयकू येते, पाहाले भेटत नाही. मले तेवढा एकच फोटू जमला पायजे जी."

मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. मी मात्र तोंडानं म्हटलं की काकूंचे दात मोजत बसू नका म्हणजे झालं.

*

एकदा सर आम्हाला पहाटेच सारस दाखवायला तलावाकडे घेऊन गेले. बजावून सांगितलं की आवाज करायचा नाही. काठच्या धानाच्या बांधीत जोडी उतरलेली, मान वर करून डौलात उभी. आम्ही कॅमेरे रोखले. जोडीतला एक पक्षी जरासा फ्रेमबाहेर होता. आणि भाऊंच्या तोंडून गेलं, "अंदर सरका!"

सारस सरकले, ते थेट पलीकडच्या गावात. सरांनी आमचे फोटो पाहिले आणि आभाळ छान आलंय म्हणाले.

परतताना भाऊ म्हणाले की आमचा दोघांचा असा जोडीचा फोटू नाही.

*

घरी त्यांचे प्रयत्न सुरूच होते. आधी "हास, हास" म्हणून हुकूम सोडले. पदर. मग दाराआडून लपून काढायला गेले, तर काकूंनी चोर समजून लाटणं उचललं. सर म्हणाले, सांगून कोणी हसत नसतं, काहीतरी गमतीचं बोला. भाऊंनी बसमधला आपला ठेवणीतला विनोद सांगितला. काकू म्हणाल्या, "हा तं मी लग्नापासून आयकून राहिली."

धानाच्या रोवणीच्या दिवसांत भाऊंनी शेवटचा उपाय केला. काकूंना शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं केलं. सारसासारखा जोडीचा फोटू काढू, तू नको हासू, नुसती उभी राहा, असं सांगितलं. समोर कॅमेरा स्टँडवर लावला, टायमर सुरू केला आणि काकूंकडे धावले. जन्मभर चालत्या बसमध्ये चढलेला माणूस, पण ओल्या धुऱ्यावर पाय घसरला आणि भाऊ सपशेल चिखलात. कॅमेऱ्यानं आपलं काम केलं.

रविवारी भाऊंनी तो फोटो आमच्यापुढे ठेवला. काकू दोन्ही हात हवेत टाकून हसताहेत. पदर खांद्यावर. चढलेला दात दिसतोय, आणि काय सांगू, त्या दातानंच तो चेहरा गोड दिसतोय. खाली कोपऱ्यात चिखलानं माखलेला एक पाय, आकाशाकडे.

सरांचा नियमच आहे, चारही कडा तपासा आणि नको ते कापा. सर तो पाय कापायला निघाले. भाऊंनी त्यांचा हात धरला. "पाय राहू द्या जी."

सरांनी क्लासच्या खोलीतच आमच्या फोटोंचं छोटंसं प्रदर्शन भरवलं, त्यात तो फोटो मधोमध लावला. पुण्याहून मुलगी आली. बराच वेळ फोटोसमोर उभी राहिली, डोळे पुसले, आणि पदराआड उभ्या असलेल्या आईला सोडून बापाकडे वळली.

"बाबा, इतका सुंदर फोटो काढला कोणी?"

भाऊंनी काकूंकडे पाहिलं.

"कोनीच नाही काढला, बाई. आमी दोघंबी फोटूतच आहो."